खळ्याच्या नियमांची पत्रिका

"वैशाली, एवढे नमस्कार आलेत म्हणजे लोक खूश आहेत ना?" पुण्याहून कौस्तुभ सर फोनवर विचारत होते.

मी स्क्रीनकडे पाहिलं. आमच्या नवीन नियमांच्या अनाउन्समेंटखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

"नाही सर. हे कोपरापासूनचे नमस्कार आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'बापा, हात जोडतो, आता पुरे कर,' असे."

सरांनी पलीकडे काहीतरी उघडून पाहिलं. मग म्हणाले, "पण डॅशबोर्डवर तर सगळं हिरवं दिसतंय."

डॅशबोर्ड म्हणजे लोकांच्या रिअ‍ॅक्शन मोजणारा तक्ता. अंगठा वर आणि जोडलेले हात हे आनंदाच्या खात्यात. अंगठा खाली हे रागाच्या खात्यात. ज्या कोणी तो बनवला, त्याला वऱ्हाडात कोणी कधी हात जोडून दाखवले नसावेत.

"सर, कमेंट वाचून दाखवू का?"

"वाच."

मी वाचल्या. मूर्तिजापूरच्या एकाने लिहिलं होतं, "हे ठरवलं कोनं? आमाले इचारलं काय?" दर्यापूरच्या एकाने लिहिलं होतं, "वापरकर्ते म्हणजे कोन? मी काय वापरून राहिलो? मी त बोलून राहिलो." तिसऱ्याची कमेंट छोटी होती. "खाली 'टीम खळं' लिवलं हाय. हे टीम कोनाची पोरगी?"

"हे शेवटचं काय आहे?" सरांनी विचारलं.

"खाली माणसाचं नाव नाही म्हणून चिडलेत, सर."

हे मी सहज बोलून गेले. सगळं दुखणं त्याच वाक्यात होतं, हे कळायला मला अकोल्याला जावं लागलं.

'खळं' हे आमचं अ‍ॅप. खळ्यावर माणसं जमली की बोलत बसतात, तशी मोबाइलवर बोलायची जागा. शेतीचे प्रश्न, बैलजोडीचे फोटो, ट्रॅक्टरचे सुटे भाग, बाजारभाव आणि त्या सगळ्यांवरून भांडणं. कंपनी पुण्याची. पण वऱ्हाडचा ग्रुप सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बोलका. म्हणून कंपनीने अमरावतीत दोन माणसांचं ऑफिस उघडलं. बडनेरा रोडवर, खाली स्पर्धा परीक्षेचे क्लास, वर आम्ही, मागे रिकामा प्लॉट. नीलेश तांत्रिक बाजू बघतो. मी कम्युनिटी मॅनेजर. म्हणजे लोक काय बोलतात ते वाचायचं, कंपनीचं म्हणणं लोकांना सांगायचं आणि लोकांचं कंपनीला. आमच्या गावी, नांदगाव खंडेश्वरला, कोणी आईला विचारलं की वैशू काय काम करते, तर आई सांगते, "लोकायचे भांडनं सोडवते. पगार भेटते त्याचा."

आमच्या घरात ऑफिसात खुर्चीवर बसणारी मी पहिली. बाबा दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडमनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः नेऊन भरला, मावशीने अमरावतीच्या तिच्या दोन खोल्यांतली एक मला दिली, आणि मी बीए झाले. माझं व्हिजिटिंग कार्ड बाबांच्या खिशात असतं. एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही ते दाखवतात. त्यामुळे सर पुढे जे बोलले, ते मला चांगलंच लागलं.

"हे बघ वैशाली," ते म्हणाले, "शेतीप्रश्नात कोणी बोंडअळीचं विचारलं की उत्तर यायच्या आधी त्याच्यावर पन्नास गुलाबाची फुलं येऊन पडतात. गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग. नियम लागले पाहिजेत. नेहमीच्या मेंबर्सपैकी बहुतेकांनी महिनाअखेरपर्यंत 'मान्य आहे' दाबलं नाही, तर वरून ठरलंय, वऱ्हाड ग्रुप मोठ्या महाराष्ट्र ग्रुपमध्ये मर्ज."

मर्ज म्हणजे विलीन.

"आणि अमरावतीचं ऑफिस, सर?"

"मग त्याचं काय काम उरेल?" सर हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नाही. पण प्रश्न बरोबर होता.

नियम तीनच होते. एका माणसाचं एकच अकाउंट. विकायच्या वस्तू आणि जनावरं फक्त बाजार विभागात. गुड मॉर्निंगचे फोटो शेतीप्रश्नात नकोत. यात राग येण्यासारखं काही नव्हतं. मी अनाउन्समेंट पुन्हा लिहून पाहिली. 'वापरकर्ते' काढून 'मित्रहो' घातलं. या वेळी हातांबरोबर अंगठेही खाली आले. पिन केली, म्हणजे सगळ्यांच्या आधी वर दिसेल अशी टाचून ठेवली. तेव्हा कमेंट आली, "वर चढून कावून बसली हे?" कावून म्हणजे कशासाठी.

नीलेशने लॉग, म्हणजे कोणी कधी काय दाबलं त्याची नोंद, तपासला. अंगठा खाली करणाऱ्यांत सगळ्यात पहिले अकोल्याचे बाबारावकाका होते. कपाशीबद्दल बाबारावकाका बोलले की विषय संपला, असा त्यांचा मान. त्यांनी अंगठा खाली केला की अर्धा अकोला जिल्हा न वाचता खाली करतो.

"ताई, काकांना भेटून ये," नीलेश म्हणाला. "फोनवर ते फक्त पाऊसपाणी बोलते."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले. काकांचं घर जुन्या शहरात. काकूंनी चहा दिला, चिवडा दिला, मी कोणाची, कुठली, लग्न झालं का, नाही तर कावून नाही, हे सगळं विचारून घेतलं. मग मी विषय काढला.

"काका, नियम पटले नाहीत का?"

"नियम चांगलेच असतीन."

"वाचले नाही तुम्ही?"

"वाचाले कायले पाह्यजे? तू शिकलेली पोरगी. तू वाईट कायले लिवशीन?"

"मंग अंगठा खाली कावून केला?" मीही आपल्या बोलीवर आले.

काकांनी कपातला चहा संपवला. "मले कोनं सांगतलं?"

"काका, अनाउन्समेंट सगळ्यायले जाते."

"सगळ्यायले जाते म्हणजे कोनालेच जात नाही, बाई. मी तीन वर्सापासून खळ्यावर हावो. रोज लोकायले औषध सांगतो. आन् नियम करतानी माहं नाव कुठी हाय? टीम म्हने! माह्या पुतन्याची कबड्डीची टीम हाय, तिच्यात बी सात नावं असते."

तेवढ्यात गल्लीतला एक माणूस लग्नाची पत्रिका देऊन गेला. काकांनी चष्मा लावला आणि पत्रिका हातभर लांब धरली. वरचं चित्र, वर, वधू, मुहूर्त, सगळं ओलांडून त्यांचं बोट थेट खालच्या बारीक अक्षरांत गेलं. 'विनीत'मध्ये फिरलं. नाव नाही. काकांचा चेहरा पडला. 'स्वागतोत्सुक'मध्ये फिरलं. नाही. काकूही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. मग बोट 'व्यवस्थापक'मध्ये गेलं आणि तिसऱ्या नावावर थांबलं.

"हाय," काका म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

"कोनाचं लगन हाय?" काकूंनी विचारलं.

"पाहू ना सावकास. जाचं तं हायच."

मी चिवड्याची वाटी खाली ठेवली. मला आमच्या घरचं आठवलं. माझ्या चुलतबहिणीच्या पत्रिकेत मोठ्या मामाचं नाव राहिलं होतं. मामा लग्नाला आले, पण मांडवाच्या बाहेर स्कूटरवर बसून जेवले. आणि मी तीन वर्षं याच माणसांना 'आपणांस कळविण्यात येते' लिहीत होते.

परत येताना एसटीतूनच मी नीलेशला फोन केला. "पत्रिका काढायची."

"कोणाची?"

"नियमांची."

नीलेशने कावून असं विचारलं नाही. तो परतवाड्याचा आहे. त्याला लगेच समजलं.

आम्ही रोज बोलणाऱ्या मेंबर्सची नावं काढली. दोनशेच्या वर भरली. नीलेशचा एक मित्र पत्रिका छापणाऱ्यांकडे डिझाइन करतो. त्याने तयार साचा दिला, फक्त मजकूर बदलायचा. वरचं देवाचं चित्र मी काढलं, कारण खळ्यावर सगळ्या धर्मांची माणसं आहेत. त्या जागी फुटलेलं कपाशीचं बोंड आलं. मजकूर मी लिहिला:

"सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या खळ्यावर येत्या रविवारी तीन नवीन नियमांचा मंगल प्रवेश होत आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार 'मान्य आहे' हे बटण दाबून नियमांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती."

त्याखाली तीन नियम. त्याखाली स्थळ म्हणून ऑफिसचा पत्ता, कारण कंपनीच्या प्रत्येक नोटिशीवर पत्ता लागतो. आणि त्याखाली आधी 'व्यवस्थापक', मग 'स्वागतोत्सुक', अशी नावं, नावं, नावं.

नावं बरोबर आहेत का हे विचारायला नीलेशने फोन सुरू केले, आणि ऑफिसला खरंच लग्नघराची कळा आली. कोणाला नावामागे 'माजी सरपंच' हवं होतं. कोणाला कंसात 'मामा'. धारणीच्या एका जीपवाल्या भाऊंना जीपचं नावही हवं होतं. एका आजोबांनी नातवाचा हट्ट सांगितला, म्हणून सगळ्यात शेवटी चौकटीत एक ओळ घालावी लागली: 'आमच्या आबाच्या नियमाले यायचं हं! : चि. पिंटू.'

मग गजाननभाऊंचा फोन आला. हे वरुडकडचे, संत्र्याचे बागायतदार. खळ्यावर बाबारावकाकांना उत्तर देऊ शकणारा एकच माणूस.

"ताई, पहिलं नाव कोनाचं हाय?"

"अजून ठरलं नाही, भाऊ."

"ठरवा. अमरावती विभागाचं ठिकान हाय. अकोल्याचं नाव वर आलं तं आमी सारे संत्रेवाले बाहेर."

फोन ठेवते तोच दुसरा आला. बाबारावकाका. "पोरी, मी कायी म्हनत नाही. फक्त त्या गजाननच्या खाली माहं नाव नको. बाकी कुठीबी टाक. वर टाक."

मी डोकं धरून बसले. नीलेशने मात्र हसून खुर्ची फिरवली. "ताई, ए-बी टेस्ट."

ए-बी टेस्ट ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. बटण लाल बरं की हिरवं, हे कळत नसेल तर अर्ध्या लोकांना लाल दाखवायचं, अर्ध्यांना हिरवं, आणि बघायचं कोणतं जास्त दाबतात. दोघांनाही वाटतं, सगळ्यांना हेच दिसतंय. नीलेशने अकोला-बुलढाण्याच्या फोनवर बाबारावकाका वर ठेवले आणि अमरावती-यवतमाळच्या फोनवर गजाननभाऊ. शास्त्राचा एवढा चांगला उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

कौस्तुभ सरांना दाखवल्याशिवाय टाकता येत नव्हतं. त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"वैशाली, हे लग्नपत्रिकेसारखं का दिसतंय?"

"पत्रिकाच आहे, सर."

"कोणाचं लग्न?"

"नियमांचं."

"कोणाशी?"

याचा मी विचार केला नव्हता. "ग्रुपशी, सर."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "महिनाअखेरला किती दिवस आहेत?"

"थोडेच."

"टाक."

टाकली. दुपारपर्यंत अंगठे वर. हात जोडलेले होतेच, पण आता खाली "आभारी आहो", "नाव पाहून आनंद झाला", "नक्की येतो" अशा कमेंट. 'मान्य आहे' इतक्या भराभर दाबलं गेलं की पुण्याहून कोणीतरी सर्व्हरवर हल्ला झाला का म्हणून विचारलं. सरांनी स्वतः फोन केला. "मी रविवारी अमरावतीला येतो. नियम लाइव्ह होताना तिथेच बसू. वरच्यांना मला समजावून सांगावं लागेल हे काय आहे."

'नक्की येतो' या कमेंटांकडे मी लक्ष दिलं नाही. अ‍ॅपवर येतील, दुसरं कुठे येणार?

शनिवारी बाबारावकाकांचा फोन आला. "पोरी, वांगे किती लागतीन?"

मी कामात होते. "काका, वांग्याचं बाजार विभागात टाका ना. नियम क्रमांक दोन."

"बरं," काका म्हणाले. "मंग मीच पाह्यतो अंदाजानं."

रविवारी सकाळी ऑफिसला पोचले तर इमारतीच्या मागून धूर येत होता. मला वाटलं, क्लासवाल्यांनी कचरा पेटवला. मागे जाऊन पाहिलं तर रिकाम्या प्लॉटवर गोवऱ्या पेटल्या होत्या, दोन मोठी गंजं, म्हणजे पातेली, चढली होती, आणि डोक्याला दुपट्टा बांधून बाबारावकाका दहा-बारा माणसांना ओरडत होते.

"रोडगे आताच नको टाकू रे! आर पडू दे आधी!"

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, भाजलेले. तूप आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. चारचौघांसाठी कोणी करत नाही. पंगत बसणार असली की करतात.

"काका, हे काय चाललं?"

"काय म्हणजे? बारा वाजता पानं पडले पाह्यजे ना."

"कोणी सांगितलं?"

काकांनी मोबाइल काढला, पत्रिका उघडली आणि बोट अगदी तळाला नेलं. फुलांच्या नक्षीच्या मधे, साच्यातच छापलेली एक बारीक ओळ होती. 'स्नेहभोजन : दुपारी १२ पासून आपल्या आगमनापर्यंत.'

मी नीलेशला हाक मारली. तो जिन्यातून खाली येता येता थांबला. त्याने ओळ वाचली. मी वाचली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही दोनशे नावं चार वेळा तपासली होती. वेलांट्या, कंस, 'मामा', सगळं. नावांच्या खाली मात्र आमच्यापैकी एकानेही बोट नेलं नव्हतं.

"काका, ही ओळ चुकून राहिली," मी म्हणाले. 

"चुकून कशी राह्यते? जेवनाबिगर पत्रिका असते काय?"

"पण तुम्ही कावून एवढं केलं? कोनं सांगतलं तुम्हाले?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मलाच काही समजत नाही असं त्यांचं तोंड होतं. "पोरी, माहं नाव 'व्यवस्थापक'मधी हाय. मंग व्यवस्था कोन पाहीन? पुन्याचे लोकं?"

त्यांच्या मागे भाजी चिरणाऱ्यांना मी ओळखलं. प्रोफाइलच्या फोटोंवरून. एकूणएक व्यवस्थापक होते.

लोक यायला लागले. दुचाकीवर, ऑटोतून, एसटी स्टँडवरून पायी. धारणीहून जीप आली, पुढे पत्रिकेत छापलेलं तेच नाव रंगवलेलं, आत 'सहपरिवार' कोंबलेला. कोणी रिकाम्या हाताने आलं नाही. संत्र्यांच्या क्रेट, तुरीच्या शेंगा, स्टीलचे डबे, टॉवेल. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ साच्यात नव्हती. चि. पिंटूही आला होता आणि आपलं नाव सगळ्यांना दाखवत फिरत होता.

नेमके तेव्हाच स्टेशनवरून ऑटोने कौस्तुभ सर उतरले. "खाली क्लासवाल्यांचं काही फंक्शन आहे का?"

मी काही बोलायच्या आधी गजाननभाऊंनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि गळ्यात टॉवेल घातला. "पुन्याचे पावने! या, या. नवरदेवाकडचे ना तुमी?"

"मी... प्रॉडक्ट हेड," सर म्हणाले.

"असू द्या. बसा."

मी सरांना बाजूला नेऊन खरं ते सांगितलं. ते टोपी सारखी करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या 'मान्य आहे'चा अर्थ 'जेवायला येतो' असा होता?"

"माहीत नाही, सर."

"मग वरच्यांना मी काय सांगू?"

माझी खुर्ची, बाबांच्या खिशातलं कार्ड, सगळं त्या प्रश्नावर लटकलेलं होतं. आणि सर तेवढ्यावर थांबले नाहीत. ते सरळ बाबारावकाकांकडे गेले. "काका, तुम्हाला आमचे नियम आवडले का?"

काका वरणाला फोडणी देत होते. "कोनते नियम?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गंजाकडे पाहिलं.

"अरे हो, ते पत्रिकेतले," काका म्हणाले. "वाचाले येळच नाही भेटला. वैशू, पंगत बसली का वाचून दाखव बरं. साऱ्यायले आयकू येईन असं."

पंगत बसली. क्लासची पोरंही येऊन बसली, त्यांना कोणी विचारलं नाही. मी उलट्या क्रेटवर उभी राहून नियम वाचले. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते, आणि समोरचे सगळे रोडगा फोडण्यात होते.

"नियम एक. एका माणसाचं एकच अकाउंट."

गजाननभाऊंचा घास थांबला. "ताई, माह्या सर्जाचं अकाउंट हाय. त्याले बी बंद करा लागन काय?"

"सर्जा कोण?" सरांनी मला हळूच विचारलं.

"त्यांचा बैल, सर."

"बैल अंगठा खाली करते त्याचा!" बाबारावकाका पलीकडून ओरडले. "माह्या पोस्टवर! मी म्हनो, हा सर्जेराव कोन हाय, रोज माह्या इरोधात!"

पंगतीत एवढा हशा उठला की वाढणारे थांबले. गजाननभाऊ लाल झाले. मग म्हणाले, "मानसाचं एक अकाउंट म्हनते ना नियम? सर्जा मानूस हाय काय?" यावर भात येईपर्यंत वाद झाला. शेवटी सर्जाने बाजार विभागात फोटोपुरतं राहावं आणि रिअ‍ॅक्शन देऊ नये, असं ठरलं.

दुसरा नियम लगेच पास झाला. तिसऱ्याला, गुड मॉर्निंगच्या नियमाला, मागच्या ओळीतून एक आवाज आला. "मंग सकाळी राम राम बी नाही घालाचा काय?"

"घाल ना, गप्पा विभागात घाल," काका म्हणाले. "माह्या कपाशीत फुलं नको टाकू. बोंडअळीवाला मानूस तिकडे रडून राहिला आन् तू त्याच्यावर गुलाब टाकतं! मले नाही दिसलं तं ठीक, दिसलं तं मी काढीन. माहं नाव हाय खाली."

"आन् बाजार म्या पाह्यतो," गजाननभाऊ म्हणाले. "माहं नाव पहिलं हाय."

"तुहं पहिलं?" काका हातातली पळी घेऊन उठले. "दाखव."

नीलेशने माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे सरकू लागला. दोघांनी फोन काढले, शेजारी धरले. अकोल्याच्या फोनवर काका वर. वरुडच्या फोनवर भाऊ वर. दोन्ही माणसं एकदा या फोनकडे, एकदा त्या फोनकडे बघत होती. वाढणारेही वाकून बघायला आले.

"हे तुनं केलं?" काकांनी मला विचारलं.

"हो, काका."

काकांनी पळी खाली केली. "बाप्पा! हे कागदावर होत असतं तं आमच्या खानदानातले अर्धे भांडनं झालेच नसते." मग गजाननभाऊंकडे वळून, "घे, भाजी घे अजून."

सर माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होते. त्यांनी तिसरा रोडगा घेतला होता. वर्षभर ते पुण्याहून व्हॉलंटिअर मॉडरेटर शोधत होते, म्हणजे फुकटात ग्रुपवर लक्ष ठेवणारी माणसं. फॉर्म काढले, बॅज देऊ केले, एक माणूस आला नाही. आणि इथे वाटणी जेवता जेवता होत होती. कपाशी काकांकडे, संत्री आणि बाजार भाऊंकडे, धारणीची बाजू जीपवाल्यांकडे.

"वैशाली," ते म्हणाले, "यातलं किती रिपोर्टमध्ये लिहिता येईल?"

"सर्जा सोडून सगळं, सर."

त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की अमरावती ऑफिसने स्थानिक पद्धतीने सहमती मिळवली आणि मॉडरेटरांची फळी उभी केली. जेवणानंतर ते क्लासच्या बाकावर टोपी तोंडावर घेऊन झोपले आणि संध्याकाळची गाडी पकडायला मी त्यांना उठवलं. ग्रुप मर्ज झाला नाही. माझी खुर्ची जागेवर आहे. शेतीप्रश्नात गुलाब दिसला की काका तो खरोखर काढतात आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहितात.

या कामातून मी एक शिकले. अनाउन्समेंटमधलं नाव लोक आधी वाचतात, जेवणाची ओळ त्यानंतर, आणि नियम कोणी वाचून दाखवले तरच. लिहिणाऱ्याने मात्र तळापर्यंत वाचावं.

परवा सर्व्हरच्या कामासाठी अ‍ॅप तासभर बंद ठेवायचं होतं. मी व्यवस्थित अनाउन्समेंट टाकली. खाली माझं नाव, नीलेशचं नाव, सगळ्या व्यवस्थापकांची नावं, ए-बी करून. अंगठे भराभर वर आले. मग बाबारावकाकांची कमेंट आली.

"नाव पाह्यलं. वर हाय. पोरी, भोजनाची ओळ दिसून नाही राहिली."

तिच्याखाली लगेच एक अंगठा वर आला. सर्जाचा.